मागच्या रांगेतले रांजण

वर्दे माझी थोरली जाऊ. तिच्याबद्दल कोणी वाकडा शब्द काढला की मी अजून त्याच्या अंगावर धावून जाते. लोक हसतात, म्हणतात, ही म्हातारी मेलेल्या जावेची किती बाजू घेते! घेणारच. का घेते ते माझं मला ठाऊक आहे, आणि आज ते सांगून टाकायचं ठरवलंय.

आमचं घर गावातलं सगळ्यात वरचं. उन्हाळ्यात खालच्या घरी जायला पाव तास लागायचा, पण बर्फ पडला की वाटच बुजायची. दीर शाहीन, म्हणजे वर्देचा नवरा, बैरूतच्या बंदरावर कामाला, थंडीत वर यायचा नाही. त्यांचा मुलगा हबीब ब्राझीलला गेलेला. घरात आम्ही तिघी: वर्दे, तिची मुलगी अफाफ आणि मी. माझा नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेला. मूल नाही. माहेरी भाऊ होता, पण भावजयीनं दारातच विचारलं होतं, "किती दिवस राहणार?" वर्देनं तसलं काही विचारलं नाही. 'राहा' असंही म्हणाली नाही. एक ताट जास्तीचं मांडलं आणि रोज मांडत राहिली.

आमच्या डोंगरात घराची अब्रू कोठीत असते. हिवाळ्यात रस्ता कधी बंद होईल आणि कधी उघडेल याचा नेम नाही, म्हणून बायका उन्हाळाभर साठवण करतात. तिला आम्ही मूने म्हणतो. उकडून, वाळवून, भरडलेला गहू, म्हणजे बुर्गूल. तोच दह्यात आंबवून वाळवला की किश्क. चरबीत मुरवलेलं मटण, सुके अंजीर, ऑलिव्ह, मसूर, द्राक्षाची काकवी. स्थळ घेऊन आलेल्या बायका आधी कोठी बघतात आणि मग मुलगी. बघतात म्हणजे नुसत्या बघत नाहीत, रांजणात हात घालतात. आणि या सगळ्यात बुर्गूल पहिला. तो नसेल तर बाकीचं सगळं असून घर रिकामंच.

सप्टेंबरात क्रुसाचा सण येतो. त्याच्या आत गहू उकडून गच्चीवरून खाली आलाच पाहिजे. सणानंतर आभाळाचा भरवसा नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण त्या वर्षी वर्दे थांबली. शाहीननं निरोप धाडला होता, गहू उकडायच्या दिवशी येतो म्हणून. मोठी चूल पेटलीय, गावची पोरं वाट्या घेऊन गरम गव्हासाठी गोळा झालीयत आणि घरचा पुरुष दारात उभा आहे, एवढीच बिचारीची हौस. तो आज येतो, उद्या येतो करत सण उलटला. शाहीन आलाच नाही. शेवटी आम्हीच उकडला, गच्चीवर पसरला, आणि चौथ्या दिवशी पावसानं गाठलं. तीन दिवस कोसळला. ताडपत्र्या घातल्या, घोंगड्या घातल्या, कसलं काय! चौथ्या दिवशी घोंगडी उचलली तर गहू हिरवा पडलेला आणि असा वास, की गाढवानंही तोंड फिरवलं.

वर्षाचा गहू गेला. बुर्गूल नाही, म्हणून किश्कही नाही. दुसरा गहू घ्यायला हात रिकामे. वर्दे गच्चीवर मटकन बसली आणि म्हणाली, "अदला, जानेवारीत उम्म तन्नूस येणार आहे गं."

उम्म तन्नूस म्हणजे पलीकडच्या गावच्या गिरणीवाल्याची बायको. आमच्यात बाईला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, म्हणून ही तन्नूसची आई आणि वर्दे हबीबची आई, उम्म हबीब. मी नुसती अदला. उम्म तन्नूसचा धाकटा मुलगा जिर्जी. त्याचं आणि अफाफचं ऑलिव्हच्या तोडणीतच जमलं होतं. पोरगी त्याच्या नुसत्या नावानं लाल व्हायची. पण उम्म तन्नूसचं बोट रांजणात बुडल्याशिवाय त्या घरात सून जात नाही, हे सगळ्या डोंगराला माहीत.

"निरोप पाठवून सांगून टाकते," वर्दे म्हणाली. "यंदा गहू भिजला म्हणून. माणूसच आहे ती, समजून घेईल."

"वेड लागलंय का तुला?" मी म्हणाले. "सण उलटल्यावर गहू उकडला, हे सांगणार तू? पोरीला जन्मभर टोमणे ऐकावे लागतील. जमायच्या आधीच मोडेल बघ."

"मग काय करू?"

आणि मी सांगितलं. ती अक्कल माझी. मागच्या रांगेत सहा रांजण होते, कमरेएवढे, दगडी झाकणांचे. ते भुशानं भरायचे आणि वर एकेक वितीचा थर गेल्या वर्षीच्या उरलेल्या बुर्गूलचा द्यायचा. हात कोण कोपरापर्यंत घालतंय! वर्दे दोन दिवस नाहीच म्हणत होती. तिसऱ्या दिवशी अफाफ खालच्या भट्टीवर रोट्या भाजायला गेली आणि आम्ही दोघी कामाला लागलो. ते रांजण एकटीला तिरके होत नाहीत. एकीनं कलता धरायचा, दुसरीनं भरायचं. दुपारपर्यंत सहाही भरून झाले. वर्दे हात धुताना म्हणाली, "देवा, माफ कर." मी म्हणाले, "देव कोठीत हात घालत नाही. उम्म तन्नूस घालते."

जानेवारीच्या एका रविवारी पाचजण आले. उम्म तन्नूस, तिचा मुका-मुका नवरा, जिर्जी आणि त्याच्या दोन आत्या. आभाळ करडं होतं, पण वारा पडलेला. उम्म तन्नूसनं कॉफीचा पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "चला उम्म हबीब, घर दाखवा." घर म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

कोठीत ती पुढची रांग बघत गेली. काकवी चाखली, अंजीर दाबून बघितले. मग मागच्या रांगेतल्या तिसऱ्या रांजणाशी थांबली. मी झाकण सरकवलं. तिनं बाही वर केली आणि हात घातला. मनगट आत गेलं. अजून थोडा गेला. माझ्या पाठीतून घामाची धार निघाली, आणि त्या खोलीत आपला श्वास वाफ होऊन दिसत होता! वर्दे भिंतीला धरून उभी. उम्म तन्नूसचा हात क्षणभर तसाच राहिला. तिनं वर्देकडे बघितलं. मग हात बाहेर काढला, झटकला आणि म्हणाली, "भरलेलं घर आहे हो. शुभ असो."

बाहेर येऊन तिनं अफाफच्या बोटात अंगठी घातली. आम्ही दोन्ही कोंबड्या कापल्या, मटणाचं मडकं फोडलं. जेवणं होईतो बर्फ सुरू झाला. आणि संध्याकाळी जिर्जीनं दार ढकललं तर दार हलेना.

घरात आठ माणसं, आणि खरं अन्न किती ते फक्त दोघींना ठाऊक.

खरं अन्न म्हणजे सहा रांजणांवरचे थर, अर्धं पोतं मसूर, थोडं पीठ, कांदे आणि पुढच्या रांगेतलं किडुकमिडुक. आम्ही तिघींनी पोटाला चिमटा घेऊन महिना काढला असता. पण पाहुणे होते, आणि व्याही होते. आमच्यात पाहुण्यापुढे ढीग ठेवावा लागतो. ताट रिकामं झालं, तर कमी पडलं म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त करायचं. अर्धं उरलं, तर आवडलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी चांगलं करायचं. पाहुण्याच्या ताटातलं उरलेलं पुन्हा त्याच्यापुढे ठेवलं तर घराची राखच झाली म्हणायची.

आणि उम्म तन्नूस रोज अर्धं ताट टाकायची. तिचं बघून दोघी आत्या टाकायच्या. सोमवारी उरलं, मंगळवारी उरलं. मी दात खाऊन वर्देला म्हणाले, "गिरणीवाल्यांचा माज बघ. आपला घास गोड लागत नाही बाईला."

"तेल कमी पडलं असेल," वर्दे म्हणाली, आणि बुधवारी तिनं तेलाचा हात सैल सोडला. तरी उरलंच. आम्ही त्यातलं खायचं तेवढं खायचो, बाकीचं तळघरातल्या गाढवाला. गाढव चांगलं तुकतुकीत व्हायला लागलं होतं, मेलं.

जिर्जी गच्चीवर चढून बर्फ लोटायचा, छत खचू नये म्हणून. खाली उतरला की हात चोळत म्हणायचा, "खालती, भूक लागलीय." खालती म्हणजे मावशी, होणाऱ्या सासूला तसंच म्हणतात. वर्दे हसून वाढायची. अफाफ त्याच्याकडे बघायची आणि मी रांजणांकडे. बुधवारी चौथ्या रांजणाचा थर संपला. गुरुवारी सकाळी पाचव्यात माप घातलं तर मापाबरोबर भुसाच वर आला.

तेव्हापासून वर्देनं जेवण सोडलं. "नवस आहे माझा, मार इलियासचा," असं आमच्या संताचं नाव घेऊन सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळी मडकं तिनं मला उचलायला लावलं. मी तिला कोपऱ्यात ओढलं.

"उद्याचं काय?"

"सहाव्यावर थर आहे अजून. एक दिवस निघेल."

"आणि परवा?"

"परवा रस्ता उघडेल."

"आणि नाही उघडला तर?"

ती म्हणाली, "मग सांगेन." इतकं साधं म्हणाली, की मला तिचा रागच आला. सांगेन म्हणे! सांगितलं की शाहीनच्या कानावर जाणार. अक्कल कोणाची, तर अदलाची. पोरीचं लग्न कोणी मोडलं, तर अदलानं. आणि मग अदलानं जायचं कुठे?

शुक्रवारी उम्म तन्नूस बाह्या सरसावूनच उठली. "उम्म हबीब, पाच दिवस तुम्ही राबताय, वर उपास. आज बसा. आज मी रांधते." आणि सरळ कोठीकडे निघाली.

मी दारात आडवी झाले. "अहो, असं कसं? पाहुण्यांनी चुलीला हात लावायचा? आमचं नाक कापाल!"

"बाजूला हो, अदला."

"गारठा आहे आत, आजारी पडाल..."

"अदला," वर्दे मागून म्हणाली, "जाऊ दे त्यांना."

आम्ही चौघी आत गेलो, अफाफही. वर्देनं कोणाला काही करू दिलं नाही. स्वतःच तिसऱ्या रांजणाचं झाकण सरकवलं, ओंजळ भरून भुसा काढला आणि उम्म तन्नूसच्या समोर धरला. "हे आहे. सहाही रांजणांत हेच. गहू भिजला माझा. सणानंतर उकडला होता. तुमच्या मुलाला आणि तुम्हाला मी फसवलं."

अफाफनं तोंडावर हात ठेवला. तिला खरंच काही माहीत नव्हतं.

उम्म तन्नूस शांतपणे म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं. हाताला टोचलं ना."

वर्देच्या ओंजळीतला भुसा खाली सांडला. मग वर्दे म्हणाली, "आणि तरी अंगठी घातलीत?"

"गहू काय, कोणाचाही भिजतो. माझाही एकदा गेलाय. शिवाय पोराचा जीव हिच्यावर. म्हटलं, होईल ते होईल. पण मग बर्फ पडला. आता ह्या आठ तोंडांना काय घालणार, म्हणून मी अर्धं ताट ठेवायला लागले. नणंदांनाही दटावून ठेवलं. तुम्हाला पुरावं म्हणून. आणि तुम्ही रोज आणखीच ढीग मांडता! उरलेलं करत काय होतात?"

वर्दे म्हणाली, "गाढवाला घालत होते."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. उम्म तन्नूसला हसू फुटलं, मग वर्देलाही, रडता रडता. मला वाटलं, सुटलो! खरंच वाटलं. मी मनात मेणबत्तीसुद्धा बोलून टाकली.

मग उम्म तन्नूसनं डोळे पुसले आणि रांजणावर हात ठेवला. "भुसा मी माफ केला, उम्म हबीब. एकच विचारते, खरं सांगा. हा रांजण एकट्या बाईला हलत नाही. दुसरे हात कोणाचे?"

वर्दे सांडलेला भुसा पायानं गोळा करायला लागली.

"मी का विचारते ते ऐका. ही मुलगी उद्या माझ्या कोठीची किल्ली घेणार. आईनं लाजेपोटी केलं, ते समजू शकते. पण पोरीचा हात असेल आणि ती पाच दिवस माझ्या डोळ्यांत बघून गोड हसत असेल, तर ती माझ्या घरात नको. हिचे होते का हात?"

"नाही! मला माहीतच नव्हतं," अफाफ म्हणाली. रडायलाच लागली.

"राहतेस इथे, झोपतेस इथे, आणि घरात सहा रांजण भुसा आला ते माहीत नाही?" मग तिनं माझ्याकडे मान वळवली. "मग तू, अदला?"

एवढंच म्हणायचं होतं, हो, मी. भुसा तिनं माफ केलाच होता. मलाही केला असता. आज सत्तरी उलटल्यावर मला ते स्वच्छ दिसतं. पण तेव्हा मला दिसलं ते माहेरचं दार आणि दारातली भावजय. मी म्हणाले, "मी? मी तर तेव्हा दहा दिवस माहेरी होते." गेले होते खरी, पण रांजण भरून झाल्यावर; ते अफाफला कळायचं कारण नव्हतं.

वर्देनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आता मी पुढे काय बोलते याची वाट बघावी, तसं. मी खाली बघितलं.

"मी एकटीनं भरले," वर्दे म्हणाली.

"एकटीनं होत नाही."

"एकटीनं भरले."

उम्म तन्नूसनं झाकण जागच्या जागी सरकवलं. "बरं. रस्ता उघडेपर्यंत वेळ आहे. कोणाला काही आठवलं तर मला सांगा."

त्या दिवसापासून मडक्याचा ताबा तिनं घेतला. एक मडकं, माणशी दोन पळ्या, कोणी ताटात टाकायचं नाही. वर्देला समोर बसवून खायला लावलं, नवस-बिवस काही ऐकला नाही. मसुरात पाणी वाढत गेलं. आम्ही आठजण एका चुलीभोवती बसून वाट्या चाटूनपुसून खात होतो. जिर्जीला कोणी काही सांगितलं नव्हतं. तो अफाफला विचारायचा, "काय झालंय तुला?" आणि ती मान हलवायची. शुक्रवार गेला, शनिवार गेला. उम्म तन्नूस चुलीशी एकटी असताना मी दोनदा तिच्यापाशी जाऊन बसले. पहिल्यांदा कांदे चिरून उठले. दुसऱ्यांदा ती म्हणालीसुद्धा, "बोल." मी म्हणाले, "मीठ बघा, जास्त झालंय वाटतं."

रविवारी खालच्या घरांतले पुरुष फावडी घेऊन वर पोचले. हाका ऐकून आत्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली. पाहुण्यांनी शाली गुंडाळल्या. उम्म तन्नूस सगळ्यांत शेवटी उठली, तिनं आमच्या तिघींकडे एकेक करून बघितलं, माझ्याकडे जरा जास्तच. मग अफाफचा हात हातात घेतला, अंगठी काढली आणि तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "पोरी, तुझं खरं असेल, तर देव मला माफ करो. पण या घरात कोणीतरी अजून खोटं बोलतंय, आणि ते कोण हे न कळता मी तुला नेऊ शकत नाही."

जिर्जी आईशी भांडत भांडत बर्फातून गेला. त्याचा आवाज वळणापर्यंत येत होता. अफाफ आत जाऊन कोठीच्या दाराशी बसली. वर्दे उंबऱ्यात उभी राहिली, ती लोकं ठिपक्याएवढी होऊन दिसेनाशी होईपर्यंत. मी तिच्या मागे उभी. "आत ये, गारठशील," म्हणाले. ती हलली नाही.

दोन वर्षांनी अफाफला भावानं ब्राझीलला बोलावून घेतलं. तिथेच लग्न झालं, तिथेच मुलं झाली. वर्देनं नातवंडं फोटोतच बघितली. जिर्जीनं झाहले गावची बायको केली. शाहीनला शेवटपर्यंत कळलं नाही. वर्देनं मला एका शब्दानं कधी डिवचलं नाही, भांडणातसुद्धा नाही. पुढच्या वर्षी गहू सणाच्या पंधरा दिवस आधी उकडला, आणि रांजण भरताना तिनं मला हाक मारली, "अदला, कलता धर." मी धरला.

तिच्या शेवटच्या दुखण्यात मीच तिचं सगळं केलं. एकदा तिला भरवताना मला राहवलं नाही. विचारलं, "वर्दे, त्या दिवशी तू माझं नाव का नाही घेतलंस? पोरगी जवळ राहिली असती तुझी."

तिनं घास गिळला आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

"मला वाटलं, तू सांगशील," ती म्हणाली. "उम्म तन्नूस वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी वाट बघितली. तू हाक मारशील म्हणून."